तुळसाचा उजवा कौल

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

तळेकोंड, ता. संगमेश्वर
८ मे २०२२

चि. संदेश यास,
सदूदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन दुसराच कोणी उचलतो आणि साहेब शूटिंगला आहेत म्हणून सांगतो. म्हणून हे पत्र वाहिनीच्या पत्त्यावर टाकतो आहे. पोचलं तर तूच वाच.

परवा आम्ही सगळे तुझा नवा कार्यक्रम बघायला बसलो. आमची राही देवरुखहून कॉलेज टाकून आली. तुळसाने फणसाचे गरे तसेच सोडले आणि पाट घेऊन अगदी टीव्हीच्या पुढ्यात बसली. भाऊ दिसणार म्हणून. आणि तू दिसलास तो साडी नेसून, कपाळाला आडवं कुंकू लावून. नाव काय, तर तुळसाक्का.

नवरा मुंबईला गेला तो परत आला नाही, सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, हे गावाला माहीत आहे. ते तू सांगितलंस, एक वेळ ठीक. पण ती रोज दुपारी बाळा भावोजींचं पान वाढते, त्याच्यासमोर बसते आणि ‘मीठ बरोबर हाय ना?’ असं विचारते, हे आपल्या स्वयंपाकघराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. तू रिकाम्या पाटाला पंख्याने वारा घातलास तेव्हा लोक खुर्चीतून पडायचे बाकी होते. वारा ती घालत नाही. तेवढं तू पदरचं घातलंस.

मग तू तिला कौल लावायला देवळात नेलंस. ‘माजा घो येनार काय गो, आये?’ गुरवाने देवीच्या दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. डावी पडली, म्हणजे नाही. तू थुंकी लावून ती पुन्हा चिकटवलीस. पुन्हा डावी. मग फुंकर मारलीस, पदराने हलवलीस, आणि शेवटी उजवी पडली तेव्हा फुगडी घालत ओरडलास, ‘पडला गो उजवा!’ सगळं सभागृह उभं राहून तुझ्याबरोबर ओरडलं. 

संदेश, तुळसाने कधी पाकळी पुन्हा लावायला सांगितली नाही. दर वर्षी ती एकदा विचारते आणि दर वर्षी उजवीच पडते. तुला ते माहीत आहे. देवीपुढे गाऱ्हाणं घालायला आपले आप्पा उभे असायचे, तू त्यांच्या धोतराला धरून असायचास.

तुळसा हसली नाही, रडली नाही. म्हणाली, ‘माजी निळी साडी त्याला कुटं गावली?’ तू गणपतीला आलास तेव्हा गोधडीला म्हणून जुनी पातळं नेलीस, त्यातली ती. मग म्हणाली, ‘केवडी मानसं होती रे!’

तुझं पोट आहे ते तू भर. पण नाव बदल आणि ते पान काढून टाक. तिच्या लग्नाचा फोटो तू स्वच्छ करून मोठा करून देतो म्हणून नेलास, तो परत पाठव. भिंतीवर त्याची पांढरी चौकट उरली आहे, ती तिच्याकडे बघत बसते.

तुझा,
सदूदादा


॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

तळेकोंड
७ ऑक्टोबर २०२२

चि. संदेश यास आशीर्वाद.

दसऱ्याला तू टीव्हीवर देवीची माफी मागितलीस ती गावाने बघितली. आपल्या लोकांनी मुंबईत तुझ्या स्टुडिओवर मोर्चा नेला, वाघजाईची टवाळी केली म्हणून. तू नारळ धरून डोळ्यांत पाणी आणलंस. गावकीचं समाधान झालं. ठराव असा झाला, की पोराने चूक कबूल केली, विषय संपला.

बैठकीत मीही होतो. देवीचा अपमान झाला असं सगळे म्हणाले. तुळसाचं नाव एकानेही काढलं नाही. बैठक सुटली आणि त्यातलेच दोघे रेशन दुकानासमोर तिला म्हणाले, ‘काय तुळसाक्का, पडला काय गो उजवा?’ आणि हसले. पोरं शाळेत जातायेता आपल्या दगडी कुंपणाच्या गडग्यावरून ओरडतात. तू कार्यक्रमात देऊळ काढून टाकलंस, आता कौलाला पिंपळाचं पान लावतोस, असं राहीने सांगितलं. बाकी सगळं तसंच. जेवणाचं पान, मीठ, वारा.

आता तुला जे सांगायचं ते ऐक.

परवा तुळसा देवळात आली. गुरव पाकळ्या भिजवत होता. त्याला म्हणाली, ‘यंदा माजा कौल नको लावूस.’ मी विचारलं, का गो? तर म्हणाली, ‘दादा, तू गाऱ्हाणं घालतंस, मंग सगळा गाव एका तोंडानं व्हय म्हाराजा म्हणतो. आप्पा काय सांगायचे? एवडी तोंडं एकदम बोलली का ती देवी बोलली. मंग तिकडं मुंबईत येवडी मानसं उटून उजवा उजवा म्हणतत, ती कोन बोलते?’

आप्पा तसंच सांगायचे. मीही तसंच मानतो.

ती खूश आहे, संदेश. पोरं गडग्यावरून ओरडतात तेव्हा ती हात जोडते. तुला निरोप आहे तिचा: ‘भाऊ माज्यासाटी सगळ्या म्हाराष्ट्राचा कौल लावतो, त्याचं बरं होवो.’

मी निरोप जसाच्या तसा लिहिला आहे. यावरही एक कार्यक्रम होईल तुझा. 

फोटो अजून आलेला नाही.

सदू


तळेकोंड
११ मार्च २०२३

संदेश,

पालखी घरी येऊन गेली. तुझा नारळ मी दिला.

तुझ्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला होता. खास भागासाठी तुळसाताई हव्यात, गाडी पाठवतो, सरप्राइज आहे म्हणाली. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू फोन केलास. एवढ्या वर्षांत घरी स्वतः केलेला पहिला फोन, आणि तो मला नाही, राहीच्या मोबाइलवर तुळसाला. तिला म्हणालास, ‘ताय, भावोजी सापडले.’

खरं असेल तर मला त्यांचा पत्ता पाठव. मी एसटीने जातो, त्यांना हाताला धरून आणतो, कॅमेरा लागत नाही. खोटं असेल तर गाडी चिपळूणवरूनच परत फिरव. मी तिला सांगेन, रस्ता खचला.

तिने अंगणात खाट टाकून निळ्या साडीसारखीच एक साडी वाळत घातली आहे. आमसुलं बांधली. देवीचा अंगारा पुडीत घेतला. ‘ते खाऊनपिऊन बरे हायत ना, तेवडं बगीन,’ म्हणते, ‘येनार नाय म्हनाले तर जबरदस्ती नाय करायची.’

तुझं उत्तर आलं नाही आणि गाडी आली तर मी तिच्याबरोबर येतो आहे. एकटीला सोडणार नाही.

सदू


तळेकोंड
२ एप्रिल २०२३

संदेश,

तिथे बोलायला सापडला नाहीस. लिहितो.

मला तुम्ही तिसऱ्या रांगेत बसवलंत. तिला पहिल्या रांगेत, मधोमध, तिच्या तोंडावर वेगळा दिवा. कानाला यंत्र लावलेल्या पोराने मला दोनदा सांगितलं, काका, उठायचं नाही हां. समोर तू तिच्या साडीत, आणि खाली ती. तुमचा सभागृहभर हशा. ती मागे वळून लोकांकडे बघत होती, कौतुकाने.

तू ओरडलास, ‘आज कौल खरा व्हनार!’ लोक ओरडले, उजवा. दार उघडलं आणि बाळा भावोजी आले.

मीसुद्धा क्षणभर फसलो. तीच बारीक मिशी, तोच रेघांचा शर्ट, तोच डाव्या बाजूचा भांग. लग्नाच्या फोटोतले. मग मला कळलं, की फोटो साफ व्हायला का गेला होता. आणि हेही कळलं, की लग्नाला वीस-बावीस वर्षं होऊन गेलेल्या माणसाने फोटोसारखं दिसायचं कारण नाही. पण ती रोज त्या फोटोकडेच बघत होती. तिला तो बदललेला कसा वाटेल?

ती उठली. तुमच्या पायऱ्या चढताना अडखळली तेव्हा लोक हसले. तिने त्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा आणखी हसले. पुडी सोडून अंगारा त्याच्या कपाळाला लावला. ‘बरे हाव ना?’ एवढंच विचारलं. तुझ्या हातात माइक होता, तू तो तिच्या तोंडाजवळ धरलास.

त्या नटाने पुढे काय करायचं ठरलं होतं ते मला त्याच्या साथीदाराने नंतर सांगितलं. मिशी उपटून ‘बाई, मी केळीवाला!’ म्हणायचं. तो म्हणाला नाही. कपाळावरचा अंगारा तसाच घेऊन आल्या दाराने निघून गेला. तेवढी माणुसकी भाड्याने आणलेल्या माणसात होती. तू मात्र क्षणात सावरलास. ‘गेला परत! लावा कौल!’ आणि लोक पुन्हा उजवा उजवा.

आत तिने तुला विचारलं, ‘ते कुटं गेले रे?’ तू घाम पुसावा तसं कपाळावरचं कुंकू पुसत म्हणालास, ‘ड्युटी आहे गं ताय त्यांची.’

परतीच्या गाडीत ती संगमेश्वरापर्यंत एकच बोलत होती. ‘दादा, अजून तस्सेच हायत. कायपण फरक नाय.’ मी तिला खरं सांगणार होतो. गाडी पुलावर आली तेव्हा तिने नदीला हात जोडले आणि म्हणाली, ‘देवीनं शब्द पाळलान.’

खरं सांगायचं मी तिथेच, पुलावर सोडून दिलं.

घरी आल्यापासून ती जास्तीचं पान वाढत नाही. आता ते कुठेतरी जेवत आहेत, हे तिने डोळ्यांनी बघितलं आहे.

सदू


तळेकोंड
१९ नोव्हेंबर २०२३

संदेश,

राही सांगते, की ती बाई खरीच तुझी बहीण होती आणि तिला काही माहीत नव्हतं, हे कोणीतरी आतल्याने फोडलं. कार्यक्रमातला तोच तुकडा आता लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवून रडतात. हसले होते तेच. तुला वाहिनीने काढलं, तुझ्या गाडीवर शेण टाकलं, साबणाच्या जाहिरातीतूनही काढलं म्हणे. तूही माफीचा एक तुकडा टाकला आहेस, दाढी वाढवून, हात जोडून. राहीने दाखवला. रडलास तो खरा की कसा, मला ओळखता आलं नाही. दसऱ्यालाही असाच रडला होतास.

देवळात बसून विचार केला. वाईट वाटतं का तुझं? वाटलं नाही. वाटावं म्हणून देवीला हात जोडले, तरीही वाटलं नाही.

पत्रकार आले होते दोघे. त्यांना आंब्याची बाग दाखवली आणि वाटेला लावलं. टीव्ही काढून माळ्यावर ठेवला आहे. तुळसाला यातलं काहीच कळता कामा नये. तिला विचारलं कोणी, तर ती सांगते, ‘भावानं भेट घडवलीन.’

सदू


तळेकोंड
२५ ऑगस्ट २०२४

संदेश,

हे पत्र तू उभ्याने वाचू नकोस.

बाळा भावोजी आले होते. खरे.

दुपारच्या गाडीने आले. मी ओळखलं ते आवाजावरून. डोक्यावर केस नाहीत, खालचे दात नाहीत, साखरेने पायाचं एक बोट गेलेलं, चप्पल दोरीने बांधलेली. ओटीवर टेकले आणि म्हणाले, ‘सदूभाऊ, मारायचं तर आदी मारा, मंग बोलतो.’

तिकडे त्यांनी दुसरा संसार केला होता. तो मोडला. मी विचारलं, आत्ता कसे आलात? म्हणाले, ‘मोबाइलवर बघलं. त्या सोंगाड्याच्या पाया पडत व्हती. माज्या पाया पडत व्हती हो ती. त्या दिवसापासून अन्न गोड लागंना.’

तुळसा विहिरीवरून आली. कळशी उतरवून म्हणाली, ‘पाव्हणे कोन?’

ते उठून उभे राहिले. ‘तुळसा, मी गो. मी बाळा.’

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग हसली. आपल्या गडग्यावरून ओरडणाऱ्या पोरांकडे बघून हसते तशी. ‘आमच्या संदेशनं धाडलान काय तुमाला? सोंगं घेवन येतत मानसं.’

‘नाय गो. तुजी शप्पत. तुज्या हातावर भाजल्याचा डाग हाय, मना ठाव हाय.’

‘तो सगळ्या टीव्हीला ठाव हाय,’ ती म्हणाली.

खरंच आहे. तो डागही तू रंगवून दाखवला होतास.

मी पुढे झालो. म्हटलं, ‘तुळसा, हे खरंच भावोजी हायत. मी सांगतो.’ तिने माझ्याकडे बघितलं. संदेश, तू नाटकात पुष्कळ चेहरे केलेस, तो तुला जमायचा नाही. म्हणाली, ‘दादा, तूपन?’

मी मागे सरलो.

तिने त्यांना गूळ-पाणी दिलं. पाय बघून, हळद लावा म्हणाली. आदराने बोलली, पाव्हण्याशी बोलतात तसं. त्यांनी विचारलं, ‘जेवायला थांबू काय?’ तर म्हणाली, ‘जेवन मोजकंच व्हतं हो. जास्तीचं पान आमी वाढीत नाय आता.’

एवढी वर्षं रोज जे पान वाढलं गेलं, ते ज्याचं होतं तो माणूस दारात उभा होता, आणि त्या दिवशी पान नव्हतं.

मी त्यांना तिठ्यापर्यंत पोचवलं. गाडीत चढताना म्हणाले, ‘तिचं बरोबर हाय. मी आता कुनासारका दिसतो?’ 

दर वर्षी उजवी पाकळी पडत होती. मी मनात कधीकधी शंका घेतली होती, गुरव दया करून हलकेच लावतो की काय. नाही. देवीचा कौल खरा होता. तो माणूस येणार होता, आणि आला. फक्त तू देवीच्या आधी पोचलास.

त्यांचं काही बरंवाईट झालं आणि त्यांच्या खोलीवरच्या माणसाचा फोन आला, तरी मी तुला कळवणार नाही. तू त्यांचा कोणी नाहीस.

सदू


तळेकोंड
१६ फेब्रुवारी २०२५

संदेश,

राहीच्या मोबाइलवर तुझा निरोप ऐकला. आवाज बसला आहे तुझा.

तू म्हणतोस, शिमग्याला येतो. पालखी खांद्यावर घेतो. तायच्या पाया पडून सगळं खरं सांगतो, तो माणूस नट होता, हे तिच्या तोंडावर कबूल करतो, त्याशिवाय मला झोप नाही. आणि एक मित्र बरोबर असेल, तो फक्त मोबाइलवर घेईल, कारण बहिणीने माफ केलेलं दिसलं तर एक नवी वाहिनी तुला घ्यायला तयार आहे. दोन्ही गोष्टी एका दमात बोललास. तुला त्यातली फट दिसली नसेल, इतका तू त्या धंद्यात मुरलास.

तिची माफी हवी असेल तर ती या क्षणी मिळेल. तिच्यासमोर मोबाइल धरायचा अवकाश, तुझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकील. ती तुझ्यावर रागावलेलीच नाही. म्हणूनच मी ती माफी तुला मिळू देणार नाही.

आणि खरं सांगून तुला हलकं व्हायचं आहे. तू हलका होशील. ती मात्र त्याच घटकेला हिशोब लावील, की तो नट होता, तर मग दारात आला होता तो कोण? ज्याला गूळ-पाणी देऊन घालवला तो कोण? तिची अक्कल तुझ्या तुळसाक्काएवढी तोकडी नाही, संदेश. ती फार हुशार आहे. तेवढं एक तुला कधी रंगवता आलं नाही.

परगावी गेलेल्याने पालखीला परत यायचं तर आपल्याकडे कौल लावतात. गुरवाने मला विचारलं, संदेशचा लावू काय? मी नको म्हटलं. मला भीती वाटली, उजवा पडेल. देवी सगळ्यांचीच आई आहे, तुझीही. आणि उजवा पडला तर मला तुला घरात घ्यावं लागलं असतं. आप्पांच्या जागी उभा राहिल्यापासून मी तिला प्रश्न विचारायचं टाळलं ते हे पहिल्यांदा. त्याचं काय फळ मिळायचं ते मला मिळेल.

म्हणून येऊ नकोस. शिमग्याला नको, गणपतीला नको, माझ्या मागे तर मुळीच नको.

तुला काम हवं आहे ना? ते देतो.

या पत्राबरोबर एक डबा आहे. तुळसाने कैरीचं लोणचं घातलं आहे, बाळा भावोजींसाठी. तिला वाटतं तुला त्यांचा पत्ता माहीत आहे. डब्यावर तिने फडकं बांधलं आहे, गाठ तिची आहे, ती तू सोडवायची. तिच्या हिशोबाने आता दर वर्षी डबा येईल आणि उत्तराची ती वाट बघेल. तुला कळवणार नव्हतो, पण ज्यांना उत्तर देता आलं असतं ते दिवाळीच्या आधी सरकारी दवाखान्यात वारले. ते तिला माहीत नाही, आणि आता तुझ्यामुळे कधी कळणारही नाही.

तेव्हा उत्तर तू लिहायचं. त्यांच्या नावाने, त्यांच्यासारखं, साधं. दर वर्षी, ती आहे तोपर्यंत. हे सोंग तू उभं केलंस, ते आता तुला उतरवता येणार नाही. समोर बघणारी एकच बाई आहे. टाळ्या नाहीत. 

पहिलं पत्र याच महिन्यात पाठव, म्हणजे पालखी दारात येईल तेव्हा तिच्या हातात असेल. लांबलचक नको. सुखरूप आहे म्हण. आणि तिने विचारायला सांगितलं आहे तेवढं आठवणीने लिही, मीठ बरोबर होतं म्हणून.

सदू